खाल्ल्या साखरेला जागावे



नाताळनंतरच्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबात आम्ही चहाला गेलो होतो. त्या घरची मुलगी आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. सुट्टीत ती मैत्रिणींबरोबर तिथल्या एका खेड्याकडे फिरायला गेली होती आणि तिने घरच्यांना मोबाईलवर फोटो पाठवले होते. हिरवा डोंगर, खाली समुद्र, डोंगराच्या पायथ्याशी ओळीने उभ्या दगडी घरांच्या भिंती आणि त्यांच्यामधून चरणाऱ्या मेंढ्या. माणूस एकही नाही. फोटो या हातातून त्या हातात गेले. "किती शांत!" "स्वर्गच जणू!" असे उद्गार निघाले. आम्हीही तेच म्हणालो.

तिथे एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. आपण सारे त्यांना 'बाई' म्हणूनच ओळखतो. त्या म्हणाल्या, "फादर, गाव बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? माझी पहिली नोकरी उमापूरजवळच्या वस्तीशाळेवर झाली. संक्रांतीच्या सुमाराला तिकडचं रान बघण्यासारखं असतं. एकदा चला तरी." त्या घरचा मुलगा, म्हणजे परिचारिकेचा धाकटा भाऊ, म्हणाला, "माझी गाडी आहे, मी नेतो." अशा रीतीने संक्रांतीनंतरच्या एका सकाळी आम्ही सहाजण तिळगुळाचा डबा घेऊन निघालो.

त्या एका दिवसाने आमच्यापुढे एक प्रश्न ठेवला. आज तो आपल्यापुढे ठेवीत आहोत. आपण एखादे गाव पाहायला जातो म्हणजे नेमके काय पाहतो? आणि जे पाहिले त्याचे आपण काही देणे लागतो काय?

श्रीरामपूर, नेवासे, कुकाणे, शेवगाव असा रस्ता. आपल्याकडच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ऊस असतो, त्यामुळे लांबचे दिसत नाही. बोधेगाव मागे पडले, बीड जिल्ह्याची हद्द जवळ आली, तसे आभाळ मोठे होत गेले. वेचणी संपत आलेल्या कपाशीची रानं, काढून ठेवलेल्या तुरीचे ढीग, हुरड्यावर आलेली ज्वारी, मधेच बोरी-बाभळी. उमापूर हे गेवराई तालुक्यातले गाव. त्या तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते आणि पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावकडे जातो. म्हणजे नकाशा पाहिला तर पाण्याला तोटा नसावा. पण जिथे पाणी पोहोचते तिथे हिरवे आणि जिथे चढ लागतो तिथे पावसाच्या भरवशावरचे रान. 'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण अशाच गावांनी तयार केली असावी.

आधी आम्ही राक्षसभुवनला गेलो. गोदाकाठचे हे गाव शनीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे आणि इतिहासातही त्याला स्थान आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी इथे निजामाच्या फौजेचा पराभव केला. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांनी मिळालेला हा विजय. नदीचे पात्र पाहत आम्ही थोडा वेळ बसलो. बाईंनी आपल्या शाळेत शिकवलेला तो धडा पुन्हा एकदा आम्हाला शिकवला. मग उमापूरमार्गे त्यांच्या जुन्या वस्तीकडे वळलो.

वस्ती गावापासून थोडी आडबाजूला. गाडी शाळेपाशी ठेवून पायी निघालो. ऊन कोवळे होते. कुठे आवाज नाही. फक्त वाऱ्याने ज्वारीची पाने वाजत होती. आमच्यातील एकजण पुन्हा तेच शब्द बोलला, "किती शांत!" खरोखर, शहरातला माणूस पैसे मोजून जी शांतता शोधतो, ती इथे फुकट होती.

मग लक्षात आले की घरांना कुलपे आहेत. एका घराला, शेजारच्या घराला, पलीकडच्याही. आम्ही मोजली. सोळा घरांपैकी अकरा घरे बंद. काही दारांपुढे शेळ्यांनी शिरू नये म्हणून बोरीच्या काटेरी फांद्या ओढून लावलेल्या. एका ओट्यावर कुंडीतली तुळस वाळून काडी झालेली. त्या घराच्या दाराचा निळा रंग उन्हाने उडाला होता आणि त्यावर लोखंडी कुलूप. आमच्याबरोबरच्या तरुणाला ते दृश्य आवडले. त्याने मोबाईल काढला आणि दोन पावले मागे जाऊन फोटो घेऊ लागला.

समोरच्या छपरातून एक म्हातारी बाहेर आली. ती रागावली नव्हती. सहज म्हणाली, "त्या दाराचा फोटू कशाला काढतो, बाळा? पाडव्याला माणसं येतील, तवा काढ की."

त्याने मोबाईल खिशात घातला. आम्ही सारेच गप्प झालो. आम्ही जिला शांतता म्हणत होतो, ती माणसे गेल्यावर उरलेली जागा होती. डोळ्यांना गोड वाटणारे ते चित्र कुणाच्या तरी घरी नसण्याने तयार झाले होते.

म्हातारीने बाईंना ओळखले नाही. बाईंनी मात्र तिच्या नवऱ्याचे आणि मुलाचे नाव घेतले, मग तिचा चेहरा फुलला. आम्हाला गोणपाट टाकून बसवले. तिची आठ-नऊ वर्षांची नात दाराशी उभी राहून आमच्याकडे पाहत होती. घरात ही दोघीच. मुलगा, सून आणि धाकटा तीन वर्षांचा नातू दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले. नको नको म्हणत असताना तिने चूल पेटवली. बाजरीच्या भाकरी, लसणाचा ठेचा आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. आमच्याकडचा तिळगूळ तिने कपाळाला लावून घेतला.

जेवताना तिने विचारले, "तुम्ही कुणीकडले म्हणायचे?"

आम्ही आपल्या तालुक्याचे नाव सांगितले.

"अगं बया! मग आमचं पोरगं तुमच्याकडंच हाय की!"

बंधुभगिनींनो, त्या क्षणी हातातला घास हातातच राहिला. आम्ही तिचे गाव पाहायला सव्वाशे किलोमीटर गेलो होतो आणि त्या गावची माणसे आपल्या गावात होती. गेली कित्येक वर्षे दर हिवाळ्यात होती. आम्ही त्यांच्या घरी पाहुणे झालो, पण ती आमच्या घराशी आली तेव्हा आम्ही त्यांना एकदाही पाहिले नव्हते.

परत येताना बाई शाळेच्या हजेरीपटाबद्दल बोलल्या. सहामाही परीक्षेपर्यंत वर्ग भरलेला असे. दिवाळीची सुट्टी संपली की निम्म्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होत. त्या आधी मुलांवर चिडत. मग त्यांना कळले की मुले कारखान्यावर गेली आहेत, लहान भावंडांना सांभाळायला. आता अशा मुलांसाठी गावोगावी शाळांत हंगामी वसतिगृहे चालवली जातात. २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आणली. त्यामुळे पुष्कळ मुले आजी-आजोबांजवळ राहून शिकू लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण बाई म्हणाल्या, "फादर, राक्षसभुवनच्या लढाईची तारीख मी मुलांकडून पाठ करून घेतली. वस्ती रिकामी होते ती तारीख मात्र कुठल्या पुस्तकात नव्हती. ती फक्त माझ्या हजेरीपटात होती."

हे असे का झाले, हेही समजून घेतले पाहिजे. आपल्या भागात पाणी आले. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले, कालवे निघाले आणि उसाची शेती वाढली. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मग महाराष्ट्रभर कारखाने निघाले. उसाला तोडणारे हात हवे होते. बीडसारख्या दुष्काळी जिल्ह्यांत हात होते, पण दिवाळीनंतर त्यांना काम नव्हते. १९७२च्या दुष्काळाने तर ही वाट रुळूनच गेली. आज बीड जिल्ह्यातील लाखो माणसे दरवर्षी अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि कर्नाटकापर्यंत जातात.

या कामाची भाषा ऐकली तरी पुष्कळ कळते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. माणसाला त्याच्या हत्याराच्या नावाने मोजायचे. हंगामाआधी मुकादमाकडून रक्कम घ्यायची ती 'उचल', आणि ती फिटेपर्यंत तोडायचे. नवरा तोडतो, बायको पाचट काढते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत भरते. दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस. आजारपणाने काम बुडाले तर तो 'खाडा', त्याचे पैसे कापले जातात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तीही संघटनांच्या आंदोलनानंतर.

पुढचे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिले पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या महिलांची गर्भाशये काढून टाकण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २०१९ साली सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. साधारण सहा बायकांमागे एक. खाडा पडू नये, दुखणे कायमचे मिटावे, एवढ्यासाठी बाईने आपल्या देहाचा भाग काढून टाकावा, अशी वेळ तिच्यावर यावी? आणि आपण सकाळच्या चहात दोन चमचे साखर घालताना यातले काही आपल्याला ठाऊकही नसावे?

इथे एक प्रामाणिक शंका येते. गाडीत तीच चर्चा झाली. आमच्यातील एक शेतकरी बंधू म्हणाले, "फादर, आपण काय त्यांना बळजबरीने आणले? काम आहे म्हणून ते येतात. पैसे मिळतात. आपला ऊस तोडला नाही तर त्यांचीही चूल पेटणार नाही." ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. ते बंधू स्वतः कष्टाने शेती करतात. त्यांच्याही डोक्यावर कर्ज आहे.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांनी १७८५ साली याच प्रश्नाला हात घातला होता. माणसाने माणसाचा उपयोग करून घेऊच नये, असे कांट म्हणत नाहीत. तसे म्हटले तर जग चालणार नाही. शिंपी आपल्या उपयोगी पडतो, डॉक्टर आपल्या उपयोगी पडतो. कांट यांचे म्हणणे असे की कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. सारा भर त्या 'केवळ' या शब्दावर आहे. मग प्रश्न येतो, आपण ही मर्यादा ओलांडली हे ओळखायचे कसे? आमच्या अल्पबुद्धीला एक सोपी कसोटी सुचते. ज्याच्या कामावर माझे जगणे चालते, त्याचे नाव मला ठाऊक आहे काय? शिंप्याचे नाव आपल्याला माहीत असते, डॉक्टरांचेही. आपल्या शेतात चार महिने राबणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? 'बीडवाले.' त्यांना ओळखण्याचे काम आपण मुकादमावर सोपवले आहे.

आता पुन्हा त्या आयर्लंडच्या फोटोंकडे येऊ. घरी परतल्यावर त्या तरुणाने बहिणीला फोन करून विचारले, "ताई, त्या गावातली माणसे गेली कुठे?" तिने माहिती मिळवून सांगितली आणि आम्हीही वाचून पाहिले. ते ठिकाण म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील मेयो परगण्यातील ॲकिल बेट. स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी शंभरच्या आसपास दगडी घरांचे अवशेष आहेत. १८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि मोठा दुष्काळ पडला. सुमारे १० लाख माणसे मेली आणि तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ साली ८१ लाखांवर असलेली लोकसंख्या १८५१ साली ६५ लाखांवर आली. स्लीव्हमोरची कायमची वस्तीही त्या शतकात उठली. पुढे काही काळ उन्हाळ्यात गुरे चारायला येणारी माणसे ती घरे वापरत, मग तेही थांबले.

पण जे वाचून आम्ही चकित झालो ते वेगळेच होते. मागे राहिलेले ॲकिलचे लोक कसे जगत? दरवर्षी त्यांची तरुण मुले-मुली टोळ्यांनी समुद्र ओलांडून स्कॉटलंडला बटाटे काढायला जात. हंगाम संपला की घरी परत. जून १८९४ मध्ये अशाच एका टोळीची होडी क्ल्यू उपसागरात उलटली आणि ३२ जण बुडाले. सप्टेंबर १९३७ मध्ये स्कॉटलंडमधील किर्किंटिलोक येथे मजुरांच्या खोपीला रात्री आग लागली. त्यात ॲकिलचे दहा मुलगे मेले. सर्वांत धाकटा १३ वर्षांचा होता.

त्यांची खोप आणि आपल्या उसाच्या फडाजवळची पाचटाची कोपी यांत फरक तो किती? ज्या फोटोंना आम्ही स्वर्ग म्हणालो, त्या भिंतींमध्ये उमापूरच्या वस्तीचीच कथा होती, फक्त शंभर-दीडशे वर्षे आधीची. तिथे काटेरी फांद्यांच्या जागी गवत उगवले आहे. तिथल्या माणसांसाठी पाडवा पुन्हा आलाच नाही.

मग सुंदर जागा पाहायला जाऊच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. ज्वारीच्या रानावरचे ऊन खरोखर सुंदर होते आणि ते पाहून आनंद झाला हेही खरे. म्हातारीलाही आपल्या रानाचे कौतुक होते. तिने हौसेने आम्हाला तिची तूर दाखवली. आम्हाला दया दाखवलेली तिला मुळीच चालली नसती. चूक आनंद घेण्यात नाही. पाहणे तिथेच संपले तर ते अपुरे राहते. शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनीच्या दाखल्यात आम्हा धर्मगुरूंना टोचणारी एक गोष्ट आहे. वाटेत पडलेल्या त्या माणसाला याजकानेही पाहिले होते, लेव्यानेही पाहिले होते. पाहण्यात कुणी कमी पडले नाही. शोमरोनी मात्र पाहून थांबला.

ॲरिस्टॉटलने मैत्रीविषयी लिहिताना एका जुन्या म्हणीची आठवण दिली आहे. एकत्र बसून पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखू शकत नाहीत, असा तिचा भाव. आपल्याकडेही खाल्ल्या मिठाला जागावे असे म्हणतात. म्हातारीच्या ठेच्यातले मीठ आम्ही खाल्ले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपण तिच्या मुलाने तोडलेल्या उसाची साखर खात होतो. खाल्ल्या मिठाला जागायचे आपल्या आईवडिलांनी शिकवले. खाल्ल्या साखरेला कोण जागणार?

आम्ही निघालो तेव्हा म्हातारीने एक फडके बांधून दिले. त्यात हुलग्याचे पीठ आणि शेंगदाण्याची चटणी होती. "नातवाला हुलग्याचं माडगं लई आवडतं. पोरगं भेटलं तर द्या." फोनवर मुलाशी तिचे बोलणे होते, पण फोनमधून पीठ पाठवता येत नाही. पत्ता विचारला तर तिला कारखान्याचे आणि मुकादमाचे नाव तेवढे ठाऊक. मुलाचा नंबर नातीने पाटीवर लिहून दाखवला. आम्ही तो उतरवून घेतला.

तो नंबर लागेना. मग आम्ही शोधायला निघालो आणि आमची खरी परीक्षा सुरू झाली. ज्या परिसरात आम्ही इतकी वर्षे घरोघरी फिरतो, आजाऱ्यांना भेटतो, ज्याची प्रत्येक गल्ली ठाऊक आहे असे समजतो, तिथे एका माणसाला शोधायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या. "बीडचे आहेत होय? असतील कॅनॉलच्या कडेला." "ते गेले वाटते पलीकडच्या फडात." एका बंधूंच्या घरापासून दोनशे पावलांवर अठरा कोप्या होत्या. त्यांना तिथल्या एकाही माणसाचे नाव सांगता आले नाही. त्यांना कशाला दोष द्यावा? आम्हालाही आले नसते.

तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर तो भेटला. तो नुकताच गाडी भरून आला होता. अंगावर उसाची कुसे, हात चिरलेले. परका माणूस आपले नाव घेऊन विचारतो आहे म्हटल्यावर आधी घाबरला. काही वाईट बातमी आहे की काय, असे त्याला वाटले. फडके पाहिल्यावर त्याने ते ओळखले, त्याच्या आईच्या जुन्या लुगड्याचे होते. त्याच्या बायकोने पीठ हुंगून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, "पोरगी जेवती का नीट?" आम्ही सांगितले, जेवते, आमच्याबरोबर बसून जेवली, आणि पाटीवर अक्षर वळणदार काढते. तिने पदर डोळ्याला लावला. त्याने विचारले, "शेळी व्याली का हो?" ते मात्र आम्ही विचारायचे विसरलो होतो.

त्यांनी चहा दिला. त्यात साखर भरपूर होती.

उठताना त्याने संकोचाने एक गोष्ट विचारली, "बाप्पा, इथं जवळ सरकारी दवाखाना कुठं हाय? धाकट्याला आठ दिस झाले खोकला हाय." आरोग्य केंद्र तिथून चालत पंधरा मिनिटांवर आहे. तो तीन महिन्यांपासून आपल्यात राहत होता आणि हे त्याला कुणी सांगितले नव्हते. सांगायला त्याला ओळखणारे कुणी नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतः त्या मायलेकरांना केंद्रावर घेऊन गेल्या. आईचा खाडा पडला. तो कसा भरून निघाला ते बाईंनी आम्हाला सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

यातून फार मोठे काही घडले, असा आमचा दावा नाही. उचल आहे तशीच आहे, कोयता आहे तसाच आहे. दर, विमा, मुलांची शाळा, बायकांचे आरोग्य या गोष्टी कायद्याने आणि संघटनेने सुटायच्या आहेत आणि त्यांसाठी बोलणाऱ्यांच्या मागे आपण उभे राहिले पाहिजे. पण ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, त्याच्या बाजूने आपण उभे राहू, यावर आमचा फारसा विश्वास नाही. ओळख ही मदतीची पहिली पायरी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

एक सावधगिरीही सांगतो. आपल्याकडे कोप्या पाहायला म्हणून जाऊ नये. जुने कपडे वाटून फोटो काढायला तर मुळीच जाऊ नये. त्या निळ्या दाराचा फोटो आणि हा फोटो यांत काही फरक नाही. जायचे असेल तर पाहुण्यासारखे जावे. संध्याकाळी, त्यांचे काम संपल्यावर. बसा म्हणाले तर बसावे. गाव कोणते, घरी कोण आहे, हे विचारावे आणि आपलेही सांगावे. आरोग्य केंद्र कुठे, अंगणवाडी कुठे, पिण्याचे चांगले पाणी कुठे मिळते, एवढे तरी शेजारी म्हणून सांगावे. चहा दिला तर घ्यावा. पुढच्या वेळी आपल्या घरी बोलवावे.

हंगाम संपायला अजून काही आठवडे आहेत. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर संध्याकाळी पाच वाजता आम्ही कॅनॉलच्या कडेच्या कोप्यांकडे चालत जाणार आहोत. बाई येणार आहेत, फोटो काढणारा तो तरुणही येणार आहे. मोबाईल घरी ठेवून येतो, असे तो म्हणाला. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी यावे.

आणि पाडव्यानंतर आम्हाला पुन्हा एकदा उमापूरला जायचे आहे. तेव्हा काटेरी फांद्या बाजूला झालेल्या असतील, दारे उघडी असतील, वस्तीत आरडाओरडा असेल. ते गाव आम्ही अजून पाहिलेलेच नाही. शिवाय शेळी व्याली की नाही, तेही विचारायचे राहिले आहे.

आपले प्रमुख धर्मगुरू